मातीखालचे नाणे आणि तारांतला गोंगाट

मुंबईत विजेची ट्राम येणार हे विसाव्या शतकाच्या तोंडावर नक्की झाले आणि कुलाब्याच्या वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे बारीकसारीक चढउतार तिथे १८४० च्या दशकापासून नोंदले जात होते. रुळांवाटे जमिनीत झिरपणारा ट्रामचा प्रवाह या नोंदी नासवणार, हे जाणकारांना आधीच दिसत होते. मग ट्राम धावण्याची वाट न पाहता चुंबकीय वेधांचे काम समुद्रापलीकडे अलिबागला नेण्याचे ठरले. नानाभाई फ्रामजी मूस संचालक असताना, १९०४ मध्ये, अलिबागेत नोंदी सुरू झाल्या. उपकरणांच्या इमारतींसाठी चुंबकत्व नसलेला पोरबंदरचा दगड वापरला. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा नीट जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी बरोबरीने वेध घेतले. ट्राम रस्त्यावर आली ती १९०७ मध्ये. वीज आणताना ती कुणाचे काम बिघडवणार याचा विचार इथे आधी झाला, जागा शोधली गेली, खर्च केला गेला. आज आपल्या घरातले चार्जर आणि दिवे त्या ट्रामसारखेच काहीबाही आजूबाजूला सांडत असतात, पण त्याचा हिशेब मांडायला फारसे कुणी बसत नाही.

असा हिशेब मांडायचा तर एक साक्षीदार फार उपयोगाचा आहे, आणि तो प्रयोगशाळेत नसून इंग्लंडच्या शेतात सापडतो. तिथे नांगरलेल्या रानात मेटल डिटेक्टर घेऊन फिरणे हा हजारो लोकांचा छंद आहे. शेतमालकाची परवानगी घ्यायची, हेडफोन लावायचा, दांड्याच्या टोकाची चपटी कॉइल जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालायचे आणि आवाज आला की थांबून खणायचे. आपल्याकडे गुप्तधन म्हटले की मांत्रिक आणि अघोरी पूजा आठवतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला त्याची दखल घ्यावी लागली. इंग्लंडमधला छंद त्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे सोन्यारुप्याचा ठेवा कळवणे बंधनकारक आहे, आणि १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियमच्या पुढाकाराने चालणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीममध्ये बाकीच्या जुन्या वस्तूही लोक स्वखुशीने नोंदवतात. या नोंदी पंधरा लाखांच्या पुढे गेल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक छंदिष्टांच्या डिटेक्टरने सापडलेल्या वस्तूंच्या आहेत. २००९ मध्ये स्टॅफर्डशायरच्या एका नांगरलेल्या शेतात सुमारे चार किलो अँग्लो-सॅक्सन सोने मिळाले, तेही असेच. तेव्हा या माणसांना किती खोलवरचे ऐकू येते, हा प्रश्न इतिहासाच्या साधनांचा आहे. अलीकडे त्यांची तक्रार अशी की पूर्वी जिथे यंत्र शांतपणे चालायचे तिथे ते आता कचकच करते, आणि हाताला लागणारी खोली घटली आहे. मला ही तक्रार खरी वाटते. आणि ती केवळ त्यांच्यापुरती आहे असे मला वाटत नाही.

डिटेक्टर मुळात काय करतो ते पाहू. एका कॉइलमधून तो सेकंदाला काही हजार ते लाखभर वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडतो. वाटेत धातू आला की त्यात भोवऱ्यासारखे प्रवाह उठतात, त्या प्रवाहांचे स्वतःचे क्षीण क्षेत्र उलट वर येते आणि दुसरी कॉइल ते टिपते. अडचण अंतराची आहे. कॉइलच्या त्रिज्येपेक्षा वस्तू बरीच खोल असेल, तर खाली जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाप्रमाणे विरते आणि परत येणारेही तसेच विरते. दोन्ही मिळून सहावा घात होतो. म्हणजे नाणे दुप्पट खोल गेले की त्याचा संकेत चौसष्टपट दुबळा होतो. हाच नियम उलट बाजूनेही लागू पडतो, आणि ते प्रामाणिकपणे सांगायला हवे: परिसरातला विद्युत गोंगाट दुप्पट झाला तरी खोली निम्मी होत नाही, साधारण अकरा टक्क्यांनी कमी होते. गोंगाट दहापट झाला तर मूळ खोलीच्या दोन तृतीयांशाहून किंचित जास्त उरते. शांत जागी पंचवीस सेंटिमीटरवर कळणारे नाणे मग सतराच्या खाली गेले की कळेनासे होते.

आठ सेंटिमीटरचे काय एवढे, असे कुणी म्हणेल. पण हे आठ सेंटिमीटर कुठले आहेत ते महत्त्वाचे आहे. इंग्लंडमधल्या जबाबदार डिटेक्टरधारकांच्या आचारसंहितेनुसार नांगरटीच्या खोलीपलीकडे खणायचे नसते, कारण त्याखालचा न हललेला थर पुरातत्त्वज्ञांचा. नांगराचा फाळ साधारण वीस ते तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे छंदिष्टाला मोकळे रान आहे तेच मुळी एवढ्याशा मातीचे. त्यातला वरचा भाग गेल्या पन्नास वर्षांत अनेकांनी पुन्हापुन्हा चाळून झाला आहे. जे उरले ते खालच्या तिसऱ्या हिश्शात, आणि गोंगाट नेमका तोच हिस्सा खातो. शेत ‘संपले’ असे म्हणून लोक दुसरीकडे जातात तेव्हा ते खरोखर संपलेले असते की शेजारच्या वस्तीच्या तारांमुळे बहिरे झालेले असते, हे कुणालाच ठरवता येत नाही. पुढे अभ्यासक नकाशावर ठिपके मांडतात आणि मोकळ्या जागा पाहून इथे वस्ती नसावी असा तर्क करतात. त्या रिकामेपणात काही वाटा गोंगाटाचा असू शकतो, ही शक्यता मला अस्वस्थ करते.

या नुकसानीचा सगळ्यात वाईट गुण असा की ते कळत नाही. यंत्र कचकच करू लागले तर निदान माणूस सावध होतो आणि संवेदनशीलता उतरवतो. पण नव्या यंत्रांत गाळण्या इतक्या चांगल्या आहेत की गोंगाट कानापर्यंत पोचतच नाही; पोचत नाहीत ती खोलवरची नाणीही. कचकच नाही, म्हणजे सारे ठीक आहे असे वाटते. हे तपासायचा मार्ग अगदी साधा आहे. एक ठरावीक नाणे कॉइलसमोर हवेत धरून किती अंतरावर त्याचा आवाज बंद होतो ते मोजायचे, आणि तीच चाचणी वस्तीपासून दूर, तारा नसलेल्या माळावर करायची. सेटिंग तेच ठेवून जो फरक पडेल तो जागेचा. अर्थात खोली घटण्याचे खापर दर वेळी विजेवर फोडता येणार नाही. लोहयुक्त माती हे तितकेच जुने कारण आहे. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळावर किंवा कोकणच्या जांभ्यावर कुणी डिटेक्टर चालवला तर आधी जमीनच ओरडेल. दोहोंतला फरक ओळखता येतो. कॉइल जमिनीपासून उचलून हवेत स्थिर धरली आणि कचकच तरीही चालू राहिली, कॉइलचे तोंड फिरवल्यावर ती कमीजास्त झाली, तर दोष मातीचा नाही. तक्रार करणाऱ्यांनी ही चाचणी आधी करावी. तिच्यावाचून केलेली तक्रार दुबळी राहते.

मग हा गोंगाट येतो कुठून? बोट सहसा उच्चदाबाच्या मनोऱ्यांकडे जाते. त्यांचा पन्नास हर्ट्झचा गुणगुणाट आणि त्याच्या पटीतले सूर त्रास देतात हे खरे, शेताच्या विद्युत कुंपणाचा सेकंदा-सेकंदाला पडणारा ठोकाही ऐकू येतो. पण ही जुनी, ओळखीची माणसे आहेत. नवा गोंगाट लहान वस्तूंचा आहे: फोनचा चार्जर, एलईडी दिव्याच्या पोटातले सर्किट, टीव्ही आणि राउटरचे अडॅप्टर, छतावरच्या सौर पॅनेलचा इन्व्हर्टर. पूर्वी व्होल्टेज उतरवायला जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असे. आता वीज सेकंदाला हजारो-लाखो वेळा तोडून-जोडून हवी तशी घडवली जाते. त्यामुळे वस्तू हलकी होते, स्वस्त होते, वीजही वाचते. या बदलाला माझा विरोध नाही. मात्र तोडजोडीचे पडसाद तारांत उमटतात आणि ते अडवायला आत एक छोटी गाळणी बसवावी लागते. स्वस्त मालात बचत करायची तर पहिली कात्री तिच्यावर चालते, कारण ती नसली तरी दिवा लागतो आणि फोन चार्ज होतो. मग घरभरची वायरिंग अँटेनासारखी वागते, आणि खांबांवरून जाणारी तार तो पडसाद शेताच्या बांधापर्यंत नेऊन सोडते.

इथे एक तुलना बोलकी आहे. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या अँथॉर्न येथून पाणबुड्यांसाठी १९.६ किलोहर्ट्झवर अतिशय शक्तिशाली प्रक्षेपण होते, म्हणजे थेट डिटेक्टरांच्या कामाच्या पट्ट्यात. तरी त्याच्याशी जुळवून घेता येते. तो एक ठरलेला, अरुंद सूर आहे. यंत्राची वारंवारता थोडी सरकवली की बाजूला होता येते. त्याची जागा ठरवून दिलेली आहे आणि कोण बोलतो आहे ते माहीत आहे. चार्जरांचा कोलाहल असा नसतो. प्रत्येकाचा सूर निराळा, भारानुसार सरकणारा, पट्टाभर पसरलेला. परवान्याने बोलणाऱ्या बलाढ्य आवाजापेक्षा बेपर्वाईने कुजबुजणाऱ्या लाखो वस्तू अधिक त्रासदायक ठरतात.

कायदा यावर काय म्हणतो? रेडिओतला व्यत्यय आवरण्यासाठी सीआयएसपीआर ही आंतरराष्ट्रीय समिती १९३४ मध्ये उभी राहिली आणि बहुतेक देशांचे नियम तिच्या मर्यादांवर बेतलेले आहेत. नावातच रेडिओ आहे. संगणक, टीव्ही, अडॅप्टर अशा नेहमीच्या उपकरणांनी तारांत किती गोंगाट सोडावा याची मर्यादा १५० किलोहर्ट्झपासून वर सुरू होते. युरोपातल्या लाँगवेव्ह प्रसारणाचा पट्टाही साधारण तिथूनच सुरू होतो. नियम श्रोत्यांसाठी झाला, आणि त्याखाली श्रोता नव्हता. दिवे आणि इंडक्शन शेगड्या यांच्यासाठी ९ किलोहर्ट्झपासून मर्यादा आहेत, पण बाकीच्या मोठ्या पसाऱ्याला खालचे अंगण मोकळे आहे. छंदिष्टांची बहुतेक यंत्रे तीन ते शंभर किलोहर्ट्झच्या दरम्यान ऐकतात. ज्या पट्ट्यात त्यांचे काम चालते, त्याच पट्ट्यात नियमांची वस्ती विरळ आहे. त्यातच युरोपातली लाँगवेव्ह केंद्रेही एकेक करून बंद होत आहेत, म्हणजे वरच्या पट्ट्यातही तक्रार करणारे कान कमी होत चालले. माझे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे: ही पोकळी तांत्रिक असाध्यतेतून आलेली नाही. तिथे कुणी ऐकत नाही असे गृहीत धरले गेले, म्हणून ती राहिली. ते गृहीतक आता चुकीचे ठरले आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप पुरातत्त्वाच्या बाजूने येतो. डिटेक्टरला कमी ऐकू आले तर बरेच, वस्तू जमिनीत सुरक्षित राहतील, असे अनेक जाणकार म्हणतील. या चिंतेबद्दल मला आदर आहे. संदर्भाविना उपसलेली वस्तू अर्धी मुकी होते. पण नांगरटीतली वस्तू सुरक्षित नसते. फाळ तिला दरवर्षी हलवतो, खते तिला खातात, आणि तिचा मूळ थर केव्हाच मोडलेला असतो. तिथून ती नोंदीसह बाहेर येणे हेच तिचे संरक्षण आहे. शिवाय गोंगाट पहारेकऱ्याचे काम करत नाही. चोरून खणणारे रात्री, वस्तीपासून लांब, संरक्षित स्थळांवर जातात. तिथे शांतता असते. गोंगाटाचा मार बसतो तो गावालगतच्या शेतात उजेडी, परवानगीने फिरणाऱ्याला. डिटेक्टरवर बंधने घालायची असतील तर ती कायद्याने, विचारपूर्वक घालावीत. आपल्याकडे १८७८ चा निखात निधीचा कायदा दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो, संरक्षित स्मारकांसाठी १९५८ चा कायदा आहे. ते कडक करायचे की बदलायचे यावर चर्चा होऊ शकते. निकृष्ट चार्जरवर ती जबाबदारी टाकता येणार नाही. आणि तत्त्व तेच असल्याने भूसुरुंग शोधणाऱ्याचे यंत्रही याच गोंगाटात अडखळते. त्याची खोली घटली तर काय होते, ते सांगायला नको.

दुसरा आक्षेप यंत्र बनवणाऱ्यांच्या बाजूचा: एकाच वेळी अनेक वारंवारतांवर चालणारी यंत्रे आली, आपोआप शांत वारंवारता शोधणारी बटणे आली, मग वेगळ्या नियमांची गरज काय? ही प्रगती खरी आहे. पण प्रत्येक उपाय काहीतरी मोबदला घेतो. वारंवारता सरकवून अरुंद सूर चुकवता येतो, पट्टाभर पसरलेला कोलाहल चुकत नाही. संकेतांची सरासरी घेऊन गोंगाट दाबायचा तर यंत्र मंद होते, आणि गंजक्या खिळ्यांशेजारचे छोटे चांदीचे नाणे मंद यंत्राला वेगळे काढता येत नाही. लहान कॉइल गोंगाट कमी गोळा करते, तशी खोलीही कमी देते. आठाच्या आकड्यासारखी गुंडाळलेली कॉइल दूरचा गोंगाट स्वतःतच रद्द करते, ही सुंदर युक्ती आहे, पण खोलवरच्या वस्तूचा संकेतही तिच्यात काही अंशी रद्द होतो. थोडक्यात, गोंगाट सोडणाऱ्याने जी चार पैशांची गाळणी वाचवली तिची किंमत ऐकणारा आपल्या खोलीने चुकती करतो.

आणि शेवटी तो प्रश्न, जो सर्वसाधारण वाचकाच्या मनात पहिल्यापासून असेल: मूठभर लोकांच्या छंदासाठी कोट्यवधी ग्राहकांनी चार्जरला जास्त पैसे का द्यावेत? फक्त छंदासाठी असते तर मीही हा आग्रह धरला नसता. पण त्याच पट्ट्यात आता वीजवितरणाचे स्वतःचे काम चालते. युरोपातले अनेक स्मार्ट मीटर आपली आकडेवारी विजेच्या तारांवरूनच, १५० किलोहर्ट्झच्या खालच्या वारंवारतांवर, पाठवतात. शेजारच्या इन्व्हर्टरने त्यांचा निरोप अडू शकतो. त्याहून गंभीर गोष्ट नेदरलँड्समध्ये दिसली. ट्वेंटे विद्यापीठाच्या संशोधकांनी नऊ इलेक्ट्रॉनिक मीटर तपासल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. डिमरवर चालवलेल्या एलईडी आणि बचतीच्या दिव्यांच्या वेड्यावाकड्या प्रवाहामुळे पाच मीटरनी प्रत्यक्षाहून जास्त वापर दाखवला, एका ठिकाणी तर ५८२ टक्क्यांपर्यंत जास्त. ती प्रयोगशाळेतली टोकाची परिस्थिती होती आणि ते मीटर आपले नव्हते, त्यावरून इथल्या वीजबिलांबद्दल निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तरीही तारांतला गोंगाट बिलाच्या आकड्यापर्यंत पोचू शकतो एवढे त्याने दाखवले. यानंतर आंतरराष्ट्रीय मानकांत २ ते १५० किलोहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सुसंगततेच्या पातळ्या ठरल्या, ही चांगली सुरुवात आहे. पण पातळी ठरवणे वेगळे आणि प्रत्येक उपकरणाला ती पाळायला लावणे वेगळे.

शिवाय शांततेचा उपयोग कुणाला होईल हे आधी ठरवता येत नाही. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या प्रचंड उद्रेकाने पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र हादरले, तेव्हा कुलाब्याला शांत हवेत घेतलेले वेध नोंदवहीत पडून राहिले. दीडशेच्या आसपास वर्षांनी, २००३ मध्ये, त्या नोंदींच्या आधारे अभ्यासकांनी त्या वादळाची तीव्रता काढली, आणि आज उपग्रह व वीजजाळी सांभाळणारे त्या आकड्यांकडे वळतात. पुण्याजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या तीस भव्य अँटेना उभ्या राहिल्या त्यामागेही तिथली रेडिओ शांतता हे एक मोठे कारण होते. या जागा शोधाव्या लागल्या, राखाव्या लागतात.

मागणी मोठी नाही. घरगुती विजेच्या उपकरणांना गोंगाटाची सक्तीची मर्यादा १५० किलोहर्ट्झऐवजी २ किलोहर्ट्झपासून लागू व्हावी. भारतात कोट्यवधी स्मार्ट मीटर, सौर इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे बसत असताना भारतीय मानक ब्युरोने विद्युत सुरक्षेइतकेच लक्ष याकडे द्यावे, कारण एकदा बसवलेला दिवा दहा वर्षे तसाच बोलत राहतो. डिटेक्टर बनवणाऱ्यांनी खोक्यावर खोलीचा आकडा छापताना तो कोणत्या नाण्यासाठी, कसल्या मातीत आणि किती गोंगाटात मिळाला हे सोबत छापावे. भूसुरुंगांच्या डिटेक्टरांसाठी चाचणीची ठरलेली पद्धत युरोपात २००३ पासून आहे, छंदाच्या यंत्रांना तशी पद्धत लावता येईल. आणि ज्या देशांत सापडलेल्या वस्तूंची नोंद होते तिथे अर्जावर आणखी एक रकाना असावा: त्या दिवशी त्या जागी ठरलेले नाणे हवेत किती सेंटिमीटरवर ऐकू आले. मोजायला एक मिनिटही लागत नाही, आणि वीस वर्षे हा रकाना भरला गेला तर कुठले शेत खरोखर रिकामे होते आणि कुठले बहिरे, हे निदान पुढच्या अभ्यासकाला वेगळे करता येईल.